वर्षभर टिकलेलं सारवण

आळीतल्या कुठल्या घरात माणूस आहे नि कुठल्या घरात नाही, हे ठरवायला जनीला दारावरचं कुलूप बघावं लागत नसे. ती जमीन बघे.

नांदत्या घरातलं सारवण आठ दिवसांत जातं. पोरं रांगतात, पाट सरकतात, कळशीचं पाणी हिंदकळतं. उंबऱ्याशी तर चौथ्या दिवशीच तांबडी माती वर येते. मग घरची बाई दारातूनच ओरडायची, "जने, गेल्या सोमवारीच सारवलंस ना गो? ही बघ जमीन!"

"सारवलां तर! तुमच्या घरात काय माणसां हायत का म्हशी?" जनी शेणाची पाटी खाली ठेवीत म्हणायची, आणि सगळं माजघर हसायचं.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणीस-वीस सालची. रत्नागिरीत झाडगावच्या खालच्या आळीत तेव्हा अकरा घरं नांदती होती आणि अकराही घरांच्या ओट्या, पडव्या, माजघरं जनीच्या हाताखालची. शेणात किती माती, मातीत किती कोळशाची पूड, हे ती कुणाला सांगत नसे. उकिडवी बसून मागं मागं सरत ती हात फिरवायची. पाची बोटांची कमान, तिला टेकून दुसरी कमान, अशा ओळी भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत. शेवटचा हात उंबऱ्यावर फिरला की ती पाठमोरीच बाहेर पडायची. वाळल्यावर त्या कमानी अशा दिसायच्या की नवी सून पाय टाकायला बिचकायची. जनीला लिहिता-वाचता येत नव्हतं, अंगावर फुटका मणी नव्हता, पण आपल्या हातासारखा हात दुसऱ्या बाईला नाही, हे ती कुणालाही ऐकवायची.

तिचा नवरा शिवा बंदरावर पडावावर होता. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, वळकट्या पडावातून बोटीपर्यंत न्यायच्या. जनी आळीतल्या घरांचं बोलायला लागली की तो विडी ओढीत म्हणायचा, "अर्धी आळी माज्याच पडावातनं गेली."

"आनि परत किती आनलीस?"

"आनली की! शिमग्याला आनली. पंचमी झाली, पुन्ना नेली."

पहिल्यांदा तेवीस साली जनीला आपलीच बोटं दिसली. पहिल्या घरचा मुलगा मुंबईस गिरणीच्या कचेरीत लागला होता, आईला घेऊन गेला होता. गणपतीला येऊ, घर झाडून-सारवून ठेव, असं पोस्टकार्ड आलं. जनीनं शेजारून किल्ली घेऊन दार उघडलं. धूळ झाडली. खाली गेल्या साली घातलेल्या कमानी जशाच्या तशा. तिच्या करंगळीला लहानपणी विळी लागली होती, त्यामुळं पाचवी रेघ जरा तुटक उमटे. तीही तुटक रेघ तशीच होती. जनीला एकदम कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटलं. मग तिनं पाणी शिंपडलं आणि त्याच कमानींवर नव्या कमानी घातल्या.

त्यानंतर दर साल-दोन सालांनी एक घर असं गप्प होत गेलं. एका घरी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि माजघरातून कुडाची भिंत गेली. कौलं मधल्या आढ्यावरून दोन्हीकडं सांडलेली. आधी त्यानं परतावी, मग मी परतीन, असं म्हणता म्हणता दोघेही मुंबईस गेले. पलीकडचे कचेरीतले कारकून, त्यांची बदली ठाण्यास झाली. एका घरात पंधरा दिवसांत तापानं तिघं गेली, उरलेली दोघं दार ओढून मामाकडं गेली ती पुन्हा त्या पायरीवर चढली नाहीत. आणि शेवटून दुसऱ्या घरी तर भांडण नाही, मरण नाही, बदली नाही. नुसतं उन्हाळ्यात येऊ म्हणाली. पहिल्या उन्हाळ्यात सगळी आली. दुसऱ्या उन्हाळ्यात बाप्ये तेवढे आले. तिसऱ्या उन्हाळ्यात पोस्टकार्ड आलं.

आठवड्याचं काम वर्षावर आलं. जनीचे गुडघे त्या काळात धरले. काम कमी झालं म्हणून बरे व्हायला हवे होते, पण झाले नाहीत.

पोंक्ष्यांचं घर मात्र रिकामं नव्हतं. तिथं गोदूबाई होत्या.

गोदूबाई म्हणजे अण्णा पोंक्ष्यांच्या बायकोची धाकटी बहीण. दहाव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी कपाळ पांढरं. बहिणीच्या आजारपणात सेवेला आल्या, बहीण गेली तरी अण्णांचं जेवणखाण बघायला राहिल्या. अण्णांना मूलबाळ नव्हतं. बावीस साली डोळ्यांच्या औषधाला ते पुतण्याकडं, राजाभाऊकडं, गिरगावात निघाले. ओटीवरून उतरताना सबंध आळी निरोपाला उभी होती. जनीही शेणाचे हात घेऊन कुंपणाच्या गडग्यापाशी उभी होती. अण्णा काठी टेकून थांबले आणि म्हणाले, "गोदे, हे घर तुझं. नीट राहा." सगळ्यांनी ऐकलं. कागद कुणी केला नाही. अण्णा मुंबईसच वारले.

गोदूबाई नीट राहिल्या. पण कशा राहिल्या? ओटीवर बसायची त्यांना सवयच नव्हती. विधवा बाईनं पुढल्या अंगणी दिसू नये, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पुढचं दार त्यांनी लावून घेतलं ते जनी सारवायला आली की उघडायचं. माजघरात पोंक्ष्यांची मोठी झोपाळ्याची कडी, अण्णांचं दप्तर, बहिणीची फणेरपेटी. तिथं आपण पसरावं असं त्यांना कधी वाटलं नाही. स्वयंपाकघर, त्याला लागून मागची पडवी, विहीर, तुळस, एवढ्यात त्यांचं सगळं आयुष्य बसलं. स्वयंपाकघर सोवळ्याचं, तिथं जनीचा पाय पडायचा नाही. ते गोदूबाई स्वतः सारवीत. ओटी नि माजघर दर गणपतीला जनी सारवी, आणि दर गणपतीला मागल्या वर्षीच्या कमानी तिला तिथं सापडत.

बारा पावसाळे असे गेले. चौतीस सालच्या मे महिन्यात राजाभाऊ पोंक्षे बोटीतून उतरले.

माणूस वाईट नव्हता. एका परदेशी पेढीत कारकून, गिरगावात एक खोली, तीन मुली. थोरली हेमा लग्नाची. स्थळ बघायला गेलं की पहिला प्रश्न, गावास घर आहे का? "आहे" म्हणायचं आणि पुढचा प्रश्न यायचा, तुमच्या नावाचं? तिथं राजाभाऊ अडकत.

"मावशी, तुम्ही राहा हो खुशाल," ते पडवीच्या पायरीवर बसून म्हणाले. "फक्त एवढं लिहून द्या की घर आमचं, तुम्ही आश्रयाला आहात."

गोदूबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही. "आणि उद्या तुझे जावई म्हणाले, मावशी, उठा. मग?"

"असं कोण म्हणेल?"

"तू तरी काल म्हणाला असतास का, की मी आश्रयाला आहे म्हणून?"

राजाभाऊंनी अंगठा उठवला तरी चालेल म्हणून सांगितलं. गोदूबाई म्हणाल्या, "मला सही येते. म्हणून तर करत नाही."

दावा लागला. गोदूबाईंच्या वकिलांनी एक गोष्ट पक्की सांगितली. तोंडी देणगीला कोर्टात किंमत नाही, पण मालक म्हणून बारा वर्षं सरळ वहिवाट केली असं शाबीत झालं, तर घर तुमचं. साक्षीदार आणा.

साक्षीदार कुठून आणायचे? अण्णांचं बोलणं ऐकलेली माणसं दादरला, परळला, ठाण्याला. गोदूबाईंनी स्वतःच्या हातानं सात पत्रं लिहिली. दोन परत आली. एकाचं उत्तर आलं की रजा नाही. एकानं लिहिलं, आम्हांस काही आठवत नाही, आमच्या घराच्या कौलांकडं मात्र कृपा करून लक्ष असू द्यावं. आळीत आता पोंक्ष्यांखेरीज दोनच घरं उघडी होती. एकात ठार बहिरी म्हातारी येसूबाई, दुसऱ्यात नवा आलेला मास्तर.

राहिली जनी.

त्याआधी कोर्टाचा अमीन जागा पाहायला येऊन गेला होता. ओटी बघितली, माजघर बघितलं, आणि वहाणांसकट स्वयंपाकघराकडं वळला. गोदूबाई आतून म्हणाल्या, "तिथंच थांबा. मी सोवळ्यात आहे." अमीन बिचारा शिष्टाचाराचा माणूस. थांबला. दारातून अंधारात काय दिसायचं? एक पाट, एक तांब्या. त्यानं लिहून नेलं की पुढील दालनं वापरात दिसत नाहीत.

साक्षीच्या दिवशी जनी धुवट लुगडं नेसून गेली. शिवानं बजावलं होतं, "इचारतील तेवढांच बोल."

"मी काय जास्ती बोलनारी हाय?"

शिवानं विडी पेटवली.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर पहिलीच अडचण आली. कारकुनानं नाव विचारलं, ते सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं.

"त्येंचां नाव कसां घेऊ?"

"घ्यावं लागतं बाई."

"देवाचां नाव हाय. पिंडीवरचा."

"शंकर?"

"न्हाय."

"महादेव? शिवा?"

"हां, तांच," जनी पदर तोंडाशी धरून म्हणाली. कोर्ट हसलं. जनीला बरं वाटलं. इतकी माणसं आपल्याकडं बघतायत नि हसतायत, असं नांदत्या आळीत व्हायचं.

गोदूबाईंच्या वकिलांनी विचारलं, "गोदूबाई या घरात राहतात का?"

"ऱ्हातात तर. बारा पावसाळे झाले."

"अण्णा जाताना काय म्हणाले?"

"गोदे, हे घर तुजां, म्हनाले. म्या ऐकलां. सगळ्या आळीनं ऐकलां."

छान झालं. गोदूबाई कोपऱ्यात बाकावर डोक्यावरून पदर ओढून बसल्या होत्या, त्यांचा खांदा जरा सैल पडलेला जनीला दिसला.

मग राजाभाऊंचे वकील उठले. वयस्क, मऊ आवाजाचे. "जनाबाई," ते म्हणाले. जन्मात तिला कुणी जनाबाई म्हटलं नव्हतं. "झाडगावात तुमच्यासारखं सारवण कुणाचं नाही, असं ऐकतो."

"लोकांची किरपा."

"आता तुमच्याच तोंडून खरं काय ते कळू द्या. किती दिवस टिकतं? चार दिवस? आठ दिवस?"

"आट दिवस?" जनी दुखावली. "आट दिवस टिकतां तां येड्याबागड्याचां सारवान. पोंक्ष्यांच्या माजघरात जाऊन बघा! गेल्या गणपतीला म्या हात फिरवलेला, ह्या गणपतीला बोटान् बोट तशीच. ही करंगळीची तुटकी रेघ पन तशीच. एक पोपडा निघाला तर हात कापून द्यीन!"

"बोटन् बोट?"

"बोटान् बोट."

"दरसाल?"

"दरसाल. वटीवर पन."

"वा," वकील म्हणाले. जज्जसाहेबांकडं बघत त्यांनी तेच वाक्य सावकाश परत सांगितलं आणि कारकुनानं ते लिहून घेतलं. मग ते जनीकडं वळले. "जनाबाई, माणसाच्या चालत्या घरात सारवण किती टिकतं?"

"आट दिवस," ती म्हणाली.

"म्हणजे वर्षभरात त्या माजघरात पाऊल पडलं नाही."

"पन काकी मागं ऱ्हातात! मागच्या अंगाला—"

"मागे तुम्ही सारवता?"

"न्हाय."

"स्वयंपाकघरात कधी गेलाय?"

"आमी कशे जानार? सोवळां असतां तितां."

"चूल पाहिलीत?"

"धूर बघितलाय."

"धुराला काय कुणाचं नाव असतं?" ते म्हणाले आणि बसले.

गोदूबाईंचे वकील उठले, काही विचारलं, जनीनं काही उत्तर दिलं. पण लिहिलेलं लिहिलं गेलं होतं. घरपट्टीच्या पावत्या मुंबईहून राजाभाऊंच्या नावावर भरलेल्या होत्या, अमिनाचा कागद होता, आणि त्यावर जनीची बोटं. पस्तीसच्या एप्रिलात निकाल लागला. घर राजाभाऊंचं. गोदूबाईंनी महिन्याच्या आत जागा सोडावी.

त्यांचा भाऊ नाटे गावी होता. त्याच्याकडून गाडी आली त्या सकाळी जनी मागच्या दारी जाऊन उभी राहिली. आत बोलावल्याखेरीज यायचं नाही आणि आज बोलावणार कोण? गोदूबाई एका पेटीला सुतळी बांधत होत्या.

"काकी, माजी जीभ झडली असती तर—"

"जीभ कशाला झडायला हवी? खोटं कुठं बोललीस तू?" गोदूबाईंनी गाठ दातानं ओढली. "तुझं राहू दे. माझंच बघ. दिवेलागणीला माजघरातून एक फेरी मारली असती रोज, तरी भागतं. नाही मारली."

"का वं पन?"

गोदूबाईंनी सुतळीचं टोक पेटीखाली खोचलं. "एक तर सवय नव्हती. आणि तू इतकं देखणं सारवून जायचीस गो. त्यावर मी एकटीनं पाय कशाला उमटवायचे, असं वाटे."

जनी पायरीवर बसली. गाडीवाल्यानं बैलांना पाणी दाखवलं. गोदूबाईंनी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं, तांब्या पेटीवर ठेवला आणि गाडीत चढल्या. "गुडघ्यांना निर्गुडीचा शेक दे," एवढंच म्हणाल्या.

आठ दिवसांनी राजाभाऊ कुलूप घेऊन आले. पितळी, नवं, दोन किल्ल्यांचं. हेमाचं लग्न मधल्या काळात ठरूनही गेलं होतं, दावा चालू आहे एवढ्यावरच त्या लोकांनी भागवलं होतं. ते जनीला म्हणाले, "सगळं घर एकदा सारवून दे. बंद करून जायचं, तर नीट असावं."

"समदां?"

"सगळं. आता सोवळं कुणाचं आहे?"

जनीनं ओटी केली, माजघर केलं. मग पाटी घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकली. सोळा वर्षांत न ओलांडलेला उंबरा. तिनं आधी हात टेकला, मग पाय आत टाकला. मागचं दार उघडलं तसा उजेड आला.

चुलीपासून मागच्या दारापर्यंत जमीन वाटीसारखी खोल गेली होती. हातभर रुंदीची वाट. दाराशी वळून विहिरीकडं, चुलीशी फिरून फळीकडं, फळीपासून पाटाच्या जागेकडं. पाटाच्या दोन पायांच्या खाचा. चुलीपुढं दोन टाचांचे खळगे, शेजारी शेजारी. बाईनं दर आठवड्याला वरून शेणाचा हात दिला होता, तरी बारा वर्षांची झीज लपली नव्हती. बाई इथं नांदली, हे ती ढळढळीत सांगत होती. कोर्टापासून तीन फर्लांगांवर.

"राजाभाऊ," जनीनं हाक मारली. "हिकडं या."

राजाभाऊ आले. बघत राहिले. मग वहाण काढून त्यांनी आपला पाय चुलीपुढच्या एका खळग्यात ठेवला. पाय मोठा होता, मावला नाही.

"ह्यां बघायला आमीन आत आला असता तर?" जनी म्हणाली.

"निकाल लागलाय, जनी."

"तां झालांच. मी इचारलां, आला असता तर?"

राजाभाऊंनी पाय काढला. त्यांचा चेहरा फार थकलेला दिसला, रात्रभर बोटीत बसून आलेल्या माणसाचा असतो तसा. "मला राहायचं नाही इथं," ते म्हणाले. "मावशींनी राहिलेलं मला चाललं असतं. लिहून तेवढं द्यायचं होतं." ते बाहेर गेले. ओटीवरून त्यांचा आवाज आला, "बोट चार वाजता आहे. उरक."

जनी चुलीपुढं उकिडवी बसली. नुसता शेणाचा हात फिरवला असता तरी राजाभाऊंना चाललं असतं, कुणी बघायला येणार नव्हतं. पण बंद घरात खळगा राहिला की ओल धरतो, ओलीला वाळवी लागते, नि पुढल्या साली खांबाच्या बुडख्याशी माती भसभसा येते. असलं काम तिनं कधी करून ठेवलं नव्हतं. गुडघ्यावर हात देऊन ती उठली. परसात जाऊन तिनं तांबडी माती खणली, दोन पाट्या भरून आणली, पाणी घालून मळली आणि चुलीपासून भरायला सुरुवात केली. आधी टाचांचे खळगे, मग पाटाच्या खाचा, मग दारापर्यंतची वाट. धोपटण्यानं ठोकून ठोकून तिनं ती वरच्या जमिनीच्या पातळीला आणली. मग शेणाचा हात घेतला आणि पाठमोरी सरत, कमानीला कमान टेकवीत, दाराकडं निघाली.